वर्कशॉपांतील बिनतारी जोडणी : आधीं तार, मग बिनतार

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या शेतकरीवर्गाच्या वस्त्यांवर एक नवी इमारत उभी राहिली आहे. गोठा, कडब्याची गंज आणि विहिरीवरील पंपाची खोली यांच्या शेजारीं लोखंडी पत्र्याची उंच शेड दिसूं लागली असून तिच्यांत ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र व मळणीयंत्र यांची दुरुस्ती चालते. कोठें ही शेड घरच्या अवजारांपुरतीच असते. तर कोठें घरांतील एखाद्या होतकरू मुलानें आय. टी. आय. मध्यें फिटरचें किंवा वेल्डरचें काम शिकून तिचें रीतसर वर्कशॉप केलेलें असतें व पंचक्रोशींतील काम तेथें येतें. शेतीस जोडधंदा असावा असें सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु शेतीच्या पोटांतूनच निघालेला आणि शेतीच्याच उपयोगीं पडणारा असा हा जोडधंदा असल्यामुळें त्याच्या अडचणींचा विचार या मासिकांत होणें अप्रस्तुत ठरूं नये. त्यांपैकीं एका अडचणीविषयीं येथें लिहावयाचें योजिलें आहे. ती अडचण म्हणजे या इमारतींत इंटरनेटची बिनतारी जोडणी, ज्यास सर्व लोक वाय-फाय म्हणतात ती, भरंवशानें न मिळणें ही होय.

वर्कशॉपांत इंटरनेट कशास हवें, तेथें हातोडा आणि पाना चालला म्हणजे झालें, असें म्हणणारे वडीलधारे गृहस्थ आपल्यांत अजून आहेत. त्यांच्याविषयीं पूर्ण आदर बाळगून सांगावें लागतें कीं, तो काळ गेला. 2016 मध्यें यू. पी. आय. ची पद्धति सुरू झाली, तेव्हांपासून गिऱ्हाइकाच्या खिशांत रोकड कमी आणि मोबाइलवर भिस्त अधिक. शेडमध्यें मोबाइलला रेंज मिळाली नाहीं म्हणजे गिऱ्हाईक 'रस्त्यावर जाऊन पाठवितों' असें म्हणून बाहेर पडतें. बहुतेक गिऱ्हाइकें प्रामाणिक असतात; कांहींचें पाठविणें मात्र पुढल्या सुगीपर्यंत चालतें! सुट्या भागांची गोष्ट याहून मोठी आहे. एकाच नांवाच्या ट्रॅक्टरचे भाग निरनिराळ्या सालच्या यंत्रांत निरनिराळे असूं शकतात, आणि योग्य क्रमांकाचा भाग मागवावयाचा तर कंपनीचें सचित्र सूचिपत्र इंटरनेटवर उघडून पाहण्यासारखा दुसरा खात्रीचा मार्ग नाहीं. चुकीचा भाग आला कीं तो परत करण्यांत दोन-चार दिवस जातात, आणि तेवढ्यांत शेताचा वाफसा निघून जातो.

त्यांतच 1 जानेवारी 2023 पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराविषयींचे कडक नियम, ज्यांस ट्रेम-चार असें म्हणतात ते, लागू झाले. ते पाळतां यावेत म्हणून अशा इंजिनांत डिझेल सोडण्याचें काम बहुशः संगणकाच्या हातीं गेलें आहे. असें इंजिन अडलें म्हणजे मिस्त्रीनें कान लावून दोष सांगावा हें शक्य राहिलेलें नाहीं. लॅपटॉप जोडून दोषाचा क्रमांक वाचावा लागतो, आणि त्या क्रमांकाचा अर्थ लावण्यास व लॅपटॉपांतील साधन ताजें ठेवण्यास इंटरनेट लागतें. ज्या वर्कशॉपांत तें नाहीं, तेथील मिस्त्री हळूहळू नांगराचा फाळ आणि कुळवाची पास एवढ्यापुरताच उरेल, व मोठें काम जिल्ह्याच्या ठिकाणीं कंपनीच्या दारीं जाईल. ऐन पेरणींत ट्रॅक्टर गाडीवर घालून वीस कोस नेण्याचा खर्च आणि खोळंबा कोणाच्या माथीं बसणार? तो मिस्त्रीच्या नव्हे, आपल्या, म्हणजे जमीनधारकांच्या माथीं बसणार. म्हणून ज्यांची स्वतःची शेड नाहीं त्यांनींहि हा विषय परका समजूं नये.

आतां प्रत्यक्ष घडतें काय तें पाहूं. घरीं फायबरची जोडणी घेतलेली असते. ओसरीवर राउटर लुकलुकत असतो आणि मुलें आंतल्या खोलींत खुशाल चलच्चित्रें पाहत असतात. घरापासून दोन-अडीचशें फुटांवर शेड. अंगणांत वाय-फाय चालतें, गोठ्यापाशीं बऱ्यापैकीं चालतें, शेडच्या दारांत कशाबशा एक-दोन रेघा दिसतात, आणि आंत चार पावलें टाकलीं कीं सर्व शांत. यावर पहिला उपाय बहुतेकजण करतात तो असा कीं, पन्नासचा प्लॅन शंभरचा करावयाचा. म्हणजे आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं! कालव्यास कितीहि पाणी सोडलें तरी आपली चारी बुजलेली असेल तर शेताच्या टोकास तें पोंचत नाहीं, हें ज्यास कळतें त्या शेतकऱ्यानें महिन्याच्या महिन्यास अधिक पैसे भरून वाट पाहत बसावें याचें नवल वाटतें.

दुसरा उपाय, चार-सहा शिंगांचा महागडा राउटर घरांत आणून ठेवण्याचा. येथें एक गोष्ट लक्षांत घेतली जात नाहीं. बिनतारी जोडणी हें दोघांचें संभाषण आहे. घरचा राउटर मोठ्यानें बोलला तरी शेडमधील मोबाइलचा क्षीण आवाज त्यास परत ऐकूं गेला पाहिजे. तो गेला नाहीं तर पडद्यावर रेघा भरलेल्या दिसूनहि काम होत नाहीं. तिसरा उपाय, रिपीटर नांवाची लहान पेटी शेडमध्येंच भिंतीस खोंचण्याचा. जेथें मुळांत लहर पोंचतच नाहीं तेथें ही पेटी काय परत बोलणार? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? रिपीटर ठेवावयाचाच तर जेथें वाय-फाय अद्याप चांगलें आहे अशा मध्यल्या जागीं ठेवावा लागतो, आणि त्यांतहि साध्या रिपीटरास तीच गोष्ट एकदां ऐकून पुन्हां सांगावयाची असल्यामुळें वेग सुमारें निम्मा होतो.

चौथा उपाय मात्र केवळ निरुपयोगी नसून गैर आहे. मोबाइल कंपन्यांच्या लहरी वाढविणारें 'बूस्टर' नांवाचें यंत्र कांहीं दुकानदार राजरोस विकतात व त्याचे वरील टोक शेडवर बांधून देतात. असें यंत्र परवानाधारक मोबाइल कंपनीखेरीज इतरांनीं विकत घेणें, जवळ बाळगणें वा वापरणें बेकायदेशीर असल्याचें केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानें 2022 मध्यें स्पष्टपणें जाहीर केलें आहे. अशा यंत्रानें टॉवरच्या कामांत बिघाड होऊन आसपासच्या सर्व गांवकऱ्यांचे फोन तुटूं लागतात. एका शेडची सोय पाहतां पाहतां वाडीची गैरसोय होते. याउलट वाय-फायच्या लहरींस तशी अडचण नाहीं. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्यें व 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा 2018 मध्यें सरकारनें परवान्यावांचून वापरण्यास मोकळा केलेला आहे. मात्र ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेंत.

या सर्व खटाटोपांत मूळ दोष कोणाचा याचा विचारच झालेला नसतो. दोष अंतराचा थोडा आणि पत्र्याचा फार आहे. जगदीशचंद्र बोस यांनीं 1895 मध्यें कलकत्त्यास भिंतींपलीकडे बिनतारी लहर पाठवून दूरच्या खोलींतील घंटा वाजवून दाखविली होती. परंतु त्या भिंती चुन्याविटांच्या होत्या. लोखंडी पत्र्याच्या नव्हत्या. धातूचा सर्व बाजूंनीं बंद असा पिंजरा केला तर बाहेरच्या विजेचा परिणाम आंत होत नाहीं, हें मायकेल फॅरडे यांनीं त्याच्याहि पूर्वीं, 1836 मध्यें, प्रयोगानें दाखविलेलें आहे. आपण ज्या शेडवर एवढा खर्च केला ती याच जातीचा मोठा पिंजरा आहे. वाय-फायची लहर लांबीनें सुमारें पांच इंचांची, आणि दुसऱ्या पट्ट्यांतील तर दोन-सव्वादोन इंचांची असते. पत्र्यावर ती आदळली कीं कांचेवरून कवडसा परतावा तशी परत फिरते. पत्रा जाड असो वा पातळ, त्यानें कांहीं फरक पडत नाहीं. विटेची भिंत लहरीचा कांहीं भाग शोषून कांहीं पलीकडे जाऊं देते; पत्रा बहुधा कांहींच जाऊं देत नाहीं. आंत जी थोडीबहुत लहर शिरते ती दारांतून, खिडकींतून आणि पत्र्यांच्या सांध्यांतील फटींतून.

इतकें समजलें म्हणजे पुष्कळ कोडीं आपोआप सुटतात. पाऊस आला कीं वाय-फाय बंद पडतें अशी तक्रार सार्वत्रिक आहे. एवढ्या थोड्या अंतरांत पावसाच्या धारा लहरीस फारशी बाधा करीत नाहींत. पाऊस आला म्हणून मिस्त्रीनें शटर खालीं ओढलेलें असतें, आणि लहरीची एकुलती एक वाट त्यानें स्वतःच बंद केलेली असते. वेल्डिंगच्या ठिणग्यांसहि असाच नाहक दोष दिला जातो. वेल्डिंगचा खरा उपद्रव निराळा आहे, त्याविषयीं पुढें येईलच.

तेव्हां आमचें मत असें आहे कीं, वर्कशॉपाच्या इमारतींत भरंवशाचें वाय-फाय हवें असेल तर घरचें वाय-फाय शेडपर्यंत लांबविण्याचा नाद सोडून शेडपर्यंत तार न्यावी, आणि बिनतारी पेटी शेडच्या आंत बसवावी. बिनतारी साधन हें शेवटच्या वीस-पंचवीस पावलांसाठीं आहे. घर आणि शेड यांमधील अंतर तारेनेंच तोडावें. 'बिनतारी' या नांवावरून लोकांचा असा समज झालेला दिसतो कीं, तार ही मागासलेल्या काळची वस्तु आहे. प्रत्यक्षांत आपल्या मोबाइलचा टॉवर घ्या: त्याच्यापर्यंतहि कोठून ना कोठून भक्कम जोडणी आलेली असते, आणि जेथें ती दुबळी असते तेथें टॉवर डोक्यावर उभा असूनहि इंटरनेट रांगतें.

तारेचे प्रकार दोन. तांब्याची नेटवर्कची तार स्वस्त व जोडण्यास सोपी, परंतु तिची मर्यादा 100 मीटर, म्हणजे सुमारें 328 फूट आहे. हें अंतर सरळ रेषेंत मोजूं नये; ओसरीवरून खालीं, बांधाच्या कडेनें वळसा घेऊन, शेडच्या भिंतीनें वर कैचीपर्यंत, असें तारेच्या वाटेनें मोजावें. दुसरी फायबरची तार. हिच्यांत कांचेच्या केसासारख्या तंतूंतून प्रकाश धांवतो, व आपल्या कामापुरतें पाहिलें तर तीस अंतराची मर्यादा नाहींच म्हटलें तरी चालेल. दोन्हीं टोकांस प्रकाशाचें विजेच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या दोन लहान पेट्या लागतात. मळ्यांत दोन इमारतींच्या दरम्यान फायबरच घालावी असें आम्ही आग्रहानें सांगतों, मग अंतर शंभर फूटच कां असेना. याचें कारण वळवाची वीज. मृगाच्या आधींचे ढग गडगडूं लागले म्हणजे तांब्याच्या लांब तारेंत आसपास पडलेल्या विजेचा झटका शिरून दोन्हीं टोकांचीं यंत्रें जळतात. फायबरच्या कांचेंतून वीज वाहत नाहीं. मात्र तार घेतांना तिच्यांत आधारासाठीं घातलेली पोलादी तार आहे काय हें विचारावें, व असल्यास ती दोन्हीं टोकांस यंत्रापासून दूर कापून ठेवावी.

चर खणण्याविषयीं शेतकऱ्यास कोणी शिकवावें असें नाहीं. तरी एवढें सांगणें जरूर आहे कीं, ट्रॅक्टरचा नांगर फूटभर खोल जातो आणि सबसॉयलर त्याहून पुष्कळ खोल. सबब तार वाहितीच्या जमिनींतून न नेतां बांधाच्या कडेनें न्यावी आणि निदान अडीच फूट खोल पुरावी. ती उघडी न पुरतां इंची एच. डी. पी. ई. नळींतून ओढावी, आणि नळींत एक बळकट दोरी तशीच ठेवून द्यावी, म्हणजे पुढें तार बदलण्याचा प्रसंग आल्यास पुन्हां खणावें लागत नाहीं. उंदीर व घुशी यांच्यासाठीं नळीचीं तोंडें बुजवावीं. जेथें नळी वळते तेथें काटकोन न करतां मोठा बाक द्यावा. कांचतंतूस मोड सोसत नाहीं.

सारी नोकरी महसूल खात्यांत गेली असल्यामुळें पुढील मुद्द्यावर जरा थांबतों. तार जोंपर्यंत आपल्याच गटांतून जाते तोंपर्यंत प्रश्न नाहीं. परंतु वाटण्या झालेल्या घरांत पुष्कळदां राहतें घर एका गटांत व शेड दुसऱ्या गटांत असते, आणि मध्यें भावाचा किंवा शेजाऱ्याचा पट्टा येतो. दुसऱ्याच्या जमिनींतून पाण्याचा पाट नेण्यासाठीं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 यांतील कलम 49 खालीं तहसीलदाराकडे अर्ज करतां येतो, आणि बांधावरून जाण्यायेण्याच्या रस्त्यासाठीं कलम 143 आहे. हीं दोन्हीं कलमें आपल्या लोकांस तोंडपाठ असतात, व म्हणून तारेसाठींहि तसाच हक्क असेल असें ते धरून चालतात. तसा तो त्या कलमांत नाहीं. पाणी आणि वाट यांसाठीं केलेली तरतूद शेतकऱ्याच्या खाजगी तारेस लागू पडत नाहीं. तेव्हां शेजाऱ्याची संमति लेखी घ्यावी; तिच्यांत तार कोणत्या बांधानें, किती खोल, किती फूट गेली हें लिहून हातनकाशा जोडावा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या. आज सख्खे भाऊ आहेत, उद्यां चुलतभाऊ होतील. मध्यें सार्वजनिक रस्ता येत असेल तर तो स्वतः खोदूं नये. त्यापेक्षां शेडसाठीं स्वतंत्र जोडणी मागावी व रस्ता ओलांडण्याचें काम परवानगीसह जोडणी देणाऱ्या कंपनीवर सोंपवावें. कंपनीचा खांब शेडच्याच बाजूस असेल तर स्वतंत्र जोडणी घेणें बहुधा चर खणण्यापेक्षां सोयीचें पडतें.

जेथें चर शक्यच नाहीं, मध्यें ओढा अथवा खडकाळ माळ आहे, तेथें दोन इमारतींच्या बाहेर खांबांवर समोरासमोर तोंडें करून बसविण्याच्या बिनतारी तबकड्या मिळतात. त्याहि चांगलें काम देतात; पण ऊंसपट्ट्यांतील वाचकांनीं सावध असावें. तबकड्या बसविणारा माणूस माघ-फाल्गुनांत येतो, तेव्हां ऊंस तुटून गेलेला असतो, शेडचें छप्पर घराच्या गच्चीवरून स्वच्छ दिसतें, आणि जोडणी झकास चालते. पुढें भाद्रपद-आश्विनांत ऊंस दहा-बारा फूट उंच होऊन मध्यें उभा राहतो, पानें पावसानें चिंब असतात, आणि ओल्या पाल्यांतून लहर पार होत नाहीं. मग यंत्र नासलें म्हणून ओरड होते. एकमेकांच्या तबकड्या नुसत्या डोळ्यांस दिसून भागत नाहीं. सहा-सातशें फुटांच्या अंतरास मध्यावर त्या दृष्टिरेषेखालीं आणखी पांच फूट मोकळे लागतात. म्हणजे ऊंसाच्या मळ्यावरून जोडणी न्यावयाची तर दोन्हींकडील खांब सतरा-अठरा फुटांहून कमी असूं नयेत, आणि आंब्याच्या झाडाचें तर नांवच काढूं नये.

तार शेडमध्यें आली म्हणजे निम्म्याहून अधिक काम झालें. जो पत्रा बाहेरची लहर आंत येऊं देत नव्हता तोच आतां आंतल्या लहरीस बाहेर निसटूं देत नाहीं. ती भिंतींवरून परतून कोपऱ्याकोपऱ्यांत जाते. त्यामुळें साठ फूट लांबीच्या शेडला एकच साधी पेटी सहसा पुरते. ती शेडच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याहून बरीच उंच, पण छपराच्या पत्र्यास न चिकटवितां बसवावी, कारण चैत्र-वैशाखांत पत्र्याखालील उष्म्यानें ती लवकर खराब होते. लेथ यंत्राच्या किंवा लोखंडी कपाटाच्या आड ठेवूं नये. ग्राइंडरचा लोखंडी कीस तिच्यांत शिरूं नये म्हणून ती डब्यांत घालणें योग्यच. परंतु तो डबा प्लॅस्टिकचा असावा. चोरीच्या भयानें पेटी लोखंडी पॅनेलांत कुलूपबंद करून ठेवणारे व मग ती चालत नाहीं म्हणून बदलून मागणारे गृहस्थ आढळांत आहेत! पिंजऱ्यांतून सुटका करावयाची, आणि पुन्हां लहान पिंजऱ्यांत घालावयाचें, असा तो प्रकार आहे. आंत वाय-फाय चांगलें झालें कीं मोबाइलच्या रेंजचीहि तक्रार बहुतांशीं मिटते, कारण मोठ्या कंपन्यांनीं 2020 च्या सुमारास वाय-फायवरून साधा फोन करण्याची सोय सुरू केली आहे व अलीकडच्या बहुतेक फोनांत ती एक कळ दाबून चालू करतां येते. मग बूस्टरचें कामच उरत नाहीं.

आतां वेल्डिंगचा उपद्रव. वेल्डिंगचा संच चालू होतांच आपल्याकडील अशक्त लाइनवर दिव्यांचा उजेड मंदावतो हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. तेवढ्या क्षणापुरता दाब उतरला कीं राउटर बंद पडून पुन्हां सुरू होतो, आणि पूर्ववत् होण्यास दोन-तीन मिनिटें घेतो. दिवसांत वीस वेळां वेल्डिंग पेटलें तर इंटरनेट दिवसभर चालूं-बंद होत राहतें, आणि दोष मात्र लहरींवर जातो. यावर इलाज सोपा आहे: राउटरास व त्याच्या जोडीच्या पेटीस बॅटरीचा लहान यू. पी. एस. लावावा. बहुतेक राउटर बारा व्होल्टवर चालतात व त्यासाठीं हातावर मावणारे यू. पी. एस. मिळतात; पण आपल्या राउटरचे व्होल्ट त्याच्या पाठीवर वाचून मगच घ्यावा. घरच्या टोकासहि असाच एक हवा. शेडमध्यें वीज आहे आणि घरीं गेली आहे, अशा स्थितींत शेडची तयारी व्यर्थ जाते.

नवी शेड बांधणाऱ्यांस तर हें सर्व निम्म्या खर्चांत होईल. पाया खणतांनाच विजेच्या नळीखेरीज एक निराळी रिकामी नळी घालून ठेवावी. घराच्या बाजूस तोंड असलेल्या भिंतींत एक-दोन पत्रे उजेडाचे, म्हणजे फायबरग्लासचे लावावे. त्यांतून उजेडाप्रमाणेंच वाय-फायची लहरहि आंत येते. घर चाळीस-पन्नास फुटांवरच असेल तर एवढ्यानेंच काम भागण्याचा संभव आहे, आणि मग वर सांगितलेला सर्व खटाटोप नको. कृषि यांत्रिकीकरणाच्या सरकारी उपअभियानाखालीं 2014-15 पासून गटांस अवजार बँका उभारण्यास साह्य मिळत आलें आहे. अशा बँकेसाठीं शेड बांधणाऱ्या गटानें अंदाजपत्रकांत ट्रॅक्टर, फवारायंत्र, काटा-कुलूप यांच्या बरोबरीनें दोन नळ्यांची ओळ लिहून घेतली तर रक्कम कितीशी वाढणार?

कोणी म्हणेल कीं, फायबरचीं टोकें जुळविण्यास विशेष यंत्र लागतें, तें कोठून आणावें? आक्षेप खरा आहे. फ्यूजन स्प्लायसर नांवाचें हें यंत्र एका शेतकऱ्यानें विकत घेण्याजोगें नाहीं, आणि तें घेऊन येणारा कारागीर एका शेडसाठीं वस्तीवर यावयास नाखूष असतो. आलाच तर मागेल ती मजुरी द्यावी लागते. दोन्हीं टोकें कारखान्यांतच बसविलेली, मापाची फायबर मागविणें हा एक तोडगा आहे. परंतु खरा उपाय सहकाराचा आहे. एकेकट्यास न परवडणारें मळणीयंत्र पुष्कळ गांवांनीं सामायिक चालविलें; आपल्या मंडळानें फायबरचा एक रीळ एकदम घ्यावा, जोडणाऱ्या कारागिरास आठ-दहा शेडांचें काम एकाच आठवड्यांत ठरवून द्यावें, आणि ज्याच्या वाट्यास जेवढे फूट येतील तेवढे पैसे त्याच्याकडून घ्यावे. यांत मंडळास तोटा येण्याचें कारण दिसत नाहीं. मंडळ हातांत घेण्याजोगें काम घेणार नसेल, तर सभासदांनीं आपापल्या परीनें बूस्टरवाल्यांच्या दारीं जावें काय?

सरकारकडेहि मागावयाचें आहे, पण तें नेमकें मागावें. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारनें 2011 मध्यें मान्यता दिली, तिचें लक्ष्य अडीच लक्ष ग्रामपंचायतींचें होतें, आणि पुढें तिलाच भारतनेट हें नांव मिळालें. ग्रामपंचायतीच्या कचेरींत फायबर आली म्हणजे गांवास इंटरनेट मिळालें असा हिशेब कागदावर होतो. परंतु आपल्या भागांत शेतकरी गावठाणांत राहत नाहीं, मळ्यावर राहतो. गावठाणापासून वस्तीपर्यंतचा हा मैल-दीड मैल कोणाच्याच हिशेबांत नाहीं. 2023 मध्यें मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमांत मागणी केलेल्या इतर गांवांसहि जोडणी देण्याची तरतूद आहे. आतां मागणी म्हणजे चावडीवरची कुरकूर नव्हे. कागदावर आल्याखेरीज सरकारास कोणतीहि अडचण दिसत नाहीं, हें कारकुनी केलेल्या माणसाइतकें कोणास ठाऊक असणार! ग्रामसभेंत ठराव करून, प्रत्येक वस्तीचें नांव, तेथील कुटुंबांची व वर्कशॉपांची संख्या आणि जवळच्या फायबरपासूनचें अंतर लिहून तो वर पाठवावा व त्याची पोंच घ्यावी.

चर खणण्याचा हंगाम ऊंस तुटल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचा, म्हणजे फार थोडा आहे. मंडळाच्या येत्या वार्षिक सभेपुढें हा विषय ठेवण्याची सूचना मीं चिटणिसांकडे दिली आहे. ज्या सभासदांस आपल्या शेडचा यांत समावेश व्हावा असें वाटत असेल त्यांनीं घर आणि शेड यांमधील बांधाच्या वाटेची लांबी फुटांत, वाटेंत लागणारे गट क्रमांक व त्यांचे धारक, मधलीं पिकें व झाडें, आणि शेडच्या कोणत्या भिंतीस खिडकी वा उजेडाचा पत्रा आहे, एवढी माहिती एका कागदावर लिहून सभेच्या आधीं मंडळाच्या कचेरींत पोंचती करावी.